खोट्या पाहुण्यांची खरी साक्ष

यंदाच्या वार्षिक अंकासाठीं कांहीं लिहून पाठवावें अशी आज्ञा आपल्या शाळेकडून झाली, तेव्हां आम्ही प्रथम संकोचलों. या पानांवर सहलींचीं वर्णनें येतात, सिंधुदुर्ग किल्ल्याची कथा येते, समुद्रावरील सूर्यास्त तर बहुधा दरवर्षीं येतो. आमचा दिवस मात्र संगणकापुढें जातो, आणि बाहेर सूर्यास्त झालेला पुष्कळदां आम्हांस कळतही नाहीं. तथापि याच संगणकानें आम्हांस एकदां असा धडा दिला कीं, जो शाळेंत असतांना अनेकवार ऐकूनही आम्ही शिकलों नव्हतों. तो आमच्या बालमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों. विषय थोडा रुक्ष आहे. पण त्यांतील माणसें आपल्याच किनाऱ्यावरचीं आहेत, म्हणून वाचकांनीं शेवटपर्यंत धीर धरावा अशी विनंती आहे.

आमचे काका व काकी देवबागेस राहतात. एका अंगास कर्लीची खाडी व दुसऱ्या अंगास अरबी समुद्र, यांच्या मधली भूमीची अरुंद पट्टी म्हणजे देवबाग. माड, मासळी व होड्या यांवर जगणाऱ्या या गांवांत अलीकडे पर्यटकांची वर्दळ फार वाढली आहे. काकांनींही घराच्या मागील अंगास तीन खोल्या बांधल्या आणि उन्हाळ्याच्या सुटींत व नाताळांत ते पाहुणे ठेवूं लागले. कोण केव्हां येणार, किती रात्रीं राहणार, याच्या नोंदी काकी एका जाड वहींत ठेवीत. फोन वाजावा तेव्हां त्यांचे हात नारळाच्या रसांत असावेत, वही माजघरांत असावी आणि पेन्सिल कोठेंच नसावी, असें नेहमीं होई. हें पाहून २०१७ सालीं आम्हीं मोठ्या ऐटीनें काकींस सांगितलें कीं, वही आतां ठेवून द्यावी. आम्ही असा प्रोग्रॅम करून देतों कीं मोबाईलवर तारीख घालतांच खोली मोकळी आहे कीं नाहीं तें तो सांगेल. काकी हंसल्या, पण नाहीं म्हणाल्या नाहींत.

हा प्रोग्रॅम आम्हीं रुबी नांवाच्या भाषेंत लिहिला. रुबी म्हणजे माणिक. जपानांतील युकिहिरो मात्सुमोतो यांनीं १९९३ सालीं या भाषेच्या रचनेस आरंभ केला आणि १९९५ सालीं ती लोकांपुढें ठेविली. तिची १.० ही आवृत्ति १९९६ सालच्या नाताळच्या दिवशीं निघाली, आणि २०१३ सालापासून दरवर्षीं २५ डिसेंबरास नवी आवृत्ति देण्याचा परिपाठच पडला आहे. भाषेचें नांव माणिक, म्हणून तिच्यासाठीं लोकांनीं तयार केलेल्या लहानमोठ्या लायब्रऱ्यांना 'जेम' म्हणजे रत्न असें म्हणतात. एकानें घडविलेलें रत्न दुसऱ्यानें फुकट घ्यावें, वापरावें, त्यांत दोष दिसल्यास कळवावा किंवा स्वतः सुधारून द्यावा, असा या मंडळींचा व्यवहार आहे. आपल्याकडे रापण ओढावयास सारी वाडी लोटते आणि जो दोरीस हात लावितो त्यास मासळीचा वांटा मिळतो, त्यांतलाच हा प्रकार म्हणावा.

प्रोग्रॅम लिहून झाला म्हणजे काम संपलें असें नव्हे. होडी पाण्यांत लोटण्यापूर्वीं तिच्या सांध्यांतून पाणी येत नाहीं ना, हें शहाणा मनुष्य पाहून घेतो. तसेंच प्रोग्रॅमचेंही आहे. त्याची परीक्षा घेण्यासाठीं दुसरे लहान लहान प्रोग्रॅम लिहावे लागतात. त्यांस टेस्ट म्हणजे चाचणी म्हणतात. चाचणी उतरली कीं पडद्यावर हिरवी खूण उमटते. फसली कीं लाल. आमच्या प्रोग्रॅमला अशा साठ चाचण्या होत्या. आतां चाचणीसाठीं पाहुणे पाहिजेत. परंतु खऱ्या पाहुण्यांचीं नांवें, पत्ते व फोन नंबर अशा कामांत घेणें योग्य नव्हे. लोकांनीं विश्वासानें दिलेली माहिती ती. ती खेळावयास घेऊं नये. म्हणून खोटे पाहुणे निर्माण करावे लागतात, आणि त्यासाठीं आम्हीं दोन प्रसिद्ध रत्नें घेतलीं होतीं.

त्यांतील एकाचें नांव 'फेकर'. पर्ल नांवाच्या जुन्या भाषेंत 'डेटा फेकर' अशी एक लायब्ररी होती. तिच्यावरून बेंजामिन कर्टिस यांनीं २००७ च्या सुमारास हें रुबीसाठीं तयार केलें. मागाल तितकीं कल्पित नांवें, गांवें, रस्ते, फोन नंबर तें क्षणांत देतें. त्याच्या संग्रहांत नांवें बहुतेक पाश्चात्य असतात, जरी भारतीय नांवांचाही एक भाग त्यांत आहे. आम्हांस वाटे, देवबागेच्या घराला आयर्लंडांतील नांवें काय करावयाचीं? परंतु एके दिवशीं फेकरनें 'ओ'कॉनेल' असें रोमन लिपींतील नांव दिलें. त्यांतील ओ पुढच्या वरच्या स्वल्पविरामानें आमचा प्रोग्रॅम अडखळला व चाचणी लाल झाली. तेव्हां आठवलें कीं, आपल्याच मालवणांत कांहीं डिसोझा कुटुंबें आपलें नांव इंग्रजींत असाच स्वल्पविराम देऊन लिहितात. तो दोष तेव्हांच दूर झाला नसता तर आमच्या एखाद्या शाळासोबत्यास काकींच्या घरीं खोली मिळाली नसती, आणि दोष कोणाचा हें कोणासच कळलें नसतें. परका समजून ज्याला हंसावें तोच आपल्या शेजाऱ्याच्या उपयोगीं पडतो, तें असें.

दुसऱ्या रत्नाचें नांव पूर्वीं 'फॅक्टरी गर्ल' असें होतें. बॉस्टन शहरांतील थॉटबॉट नांवाच्या कंपनीनें तें २००८ सालीं प्रसिद्ध केलें. त्याचें काम सांचाचें. गणपतीच्या शाळेंत सांचा एकदां केला कीं त्यांतून हव्या तितक्या मूर्ति निघतात. तसा 'पाहुणा' या वस्तूचा सांचा एकदां लिहून ठेवला कीं चाचणीला लागेल तेव्हां नवा पाहुणा तयार मिळतो. त्या नांवामुळें कित्येकांस, विशेषतः या धंद्यांतील स्त्रियांस, अवघडल्यासारखें होई. म्हणून २०१७ च्या ऑक्टोबरांत तें नांव बदलून 'फॅक्टरी बॉट' असें ठेवण्यांत आलें. बॉट म्हणजे यंत्रमानव. काम तेंच राहिलें, नांव तेवढें बदललें. पण तेवढ्यासाठींही जगांतील असंख्य प्रोग्रॅमांतील ओळी लोकांस बदलाव्या लागल्या. नांव लहान वाटतें. परंतु त्याचीं मुळें फार दूरवर गेलेलीं असतात.

येथें आवृत्तींच्या आंकड्यांविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. अशा लायब्ररीच्या आवृत्तीस सामान्यतः तीन आंकडे असतात, जसे ४.११.१. शेवटचा आंकडा वाढला तर कांहीं दोष दुरुस्त झाला असें समजावें. मधला वाढला तर नवी सोय आली, पण जुनें लिहिलेलें मोडणार नाहीं. पहिला आंकडा वाढला तर मात्र सावध व्हावें. जुन्या पद्धतीनें लिहिलेलें कांहींतरी यापुढें चालणार नाहीं असा त्याचा अर्थ. आणि सज्जन लेखक पहिला आंकडा वाढविण्यापूर्वीं मधल्या आवृत्तींतच इशारा देऊन ठेवितात कीं, अमुक पद्धत पुढें बंद होणार आहे, आतांच बदल करा. कोणत्या आवृत्तींत काय बदललें याची एक वही ते प्रत्येक रत्नासोबत ठेवितात. तिला चेंजलॉग म्हणतात. काकींच्या वहीचीच ती बहीण.

आतां आमची गोष्ट. पाहुण्याचा सांचा लिहितांना 'येण्याची तारीख' या शब्दापुढें आम्हीं लिहिलें होतें कीं, आजपासून तीस दिवसांतील कोणताही एक दिवस घ्यावा. आमची समजूत अशी कीं, प्रत्येक खोट्या पाहुण्यास वेगळी तारीख मिळत असेल. वस्तुतः तसें होत नव्हतें. फॅक्टरी बॉटच्या तेव्हांच्या आवृत्तींत लिहिण्याच्या दोन रीती होत्या. तारीख महिरपी कंसांत लिहिली तर प्रत्येक पाहुण्याच्या वेळीं ती नव्यानें काढली जाई. कंसावांचून लिहिली तर फाइल वाचतांना एकदांच तारीख निघे, आणि पुढें येणाऱ्या सर्व पाहुण्यांस तीच चिकटे. शाळेच्या फळ्यावर सोमवारीं तारीख लिहावी आणि शनिवारपर्यंत ती पुसूंच नये, तसा हा प्रकार. आम्हीं कंस दिले नव्हते. त्यामुळें आमच्या चाचण्यांत आलेले सारे पाहुणे, कितीही असोत, एकाच दिवशीं येत होते, आणि आम्हांस त्याचा पत्ता नव्हता.

यांत काय बिघडलें, असें कोणी विचारील. बिघडलें तें असें. खोली मोकळी आहे कीं नाहीं हें ठरवितांना आमचा प्रोग्रॅम केवळ येण्याच्या तारखा ताडून पाही. पाहुणा किती रात्रीं राहणार, हें तो पाहतच नसे. आरंभीं काकांकडे एका रात्रीचेच पाहुणे येत, तेव्हां तें चालून गेलें. पुढें मुक्काम वाढले, आम्हीं रात्रींचा आंकडा नोंदीस जोडला, पण ही तपासणी बदलावयास विसरलों. चाचणींत मात्र दोघे पाहुणे सदैव एकाच तारखेस येत. प्रोग्रॅम दुसऱ्यास नकार देई. आणि हिरवी खूण उमटे. खोटा साक्षीदार जर वादीस हवें तेंच दररोज सांगूं लागला, तर न्यायाधीशास सत्य कसें कळावें?

२०१८ सालचा नाताळ आला. २४ डिसेंबरास पुण्याचें एक कुटुंब दोन नंबरच्या खोलींत तीन रात्रींसाठीं उतरलें. दुसऱ्या दिवशीं, म्हणजे ऐन नाताळास, कोल्हापुरहून फोंडा घाट उतरून दुसरें कुटुंब दारांत उभें राहिलें. त्यांच्याबरोबर एक वृद्ध आजी होत्या. गाडींतून उतरतांना त्यांचे पाय सुजलेले दिसत होते. त्यांसही दोन नंबरचीच खोली दिलेली होती. बाकीच्या दोन खोल्या भरलेल्या. गांवांत त्या दिवशीं कोठें खाट मिळेना. शेवटीं काकींनीं स्वतःची निजण्याची खोली झाडून आजींस दिली, काका पडवींत निजले आणि काकींनीं स्वयंपाकघरांत पथारी टाकली.

आम्ही त्या वेळीं मुंबईस होतों. काकांचा फोन आला तेव्हां आम्हीं काय केलें? आमच्या साठही चाचण्या हिरव्या आहेत, हें आम्हांस ठाऊक होतें. आम्हीं क्षणाचाही विचार न करतां सांगितलें कीं, प्रोग्रॅममध्यें चूक असणें शक्य नाहीं; काकींनीं पुण्याच्या मंडळींची नोंद करावयाची राहिली असावी आणि मागाहून ती केली असावी. फोन काकींच्या हातांत गेला. त्या एवढेंच म्हणाल्या, "मी पयली नोंद आधीच घातलंय रे झिला, तुझ्या मोबायलानच खोली रिकामी आसा म्हणान सांगल्यान." आम्हीं तें ऐकून घेतलें, पण मानलें नाहीं. नोंद कोणत्या दिवशीं झाली हें पाहण्यास आम्हांस दोन मिनिटें पुरलीं असतीं. तेवढेही कष्ट आम्हीं घेतले नाहींत. त्यानंतर काकी फोनवर पूर्वींसारख्याच बोलत; मात्र नोंदी करण्याचें काम त्यांनीं काकांकडे दिलें. का दिलें, तें आम्हीं विचारलें नाहीं.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. २०१८ सालींच फॅक्टरी बॉटची ४.११ ही आवृत्ति निघाली होती, आणि तिनें स्पष्ट इशारा देण्यास आरंभ केला होता कीं, कंसावांचून लिहिण्याची रीत आतां बंद होणार आहे, महिरपी कंस घाला. ती आवृत्ति आम्हीं नाताळापूर्वींच घेतली होती. चाचण्या चालवितांना दर वेळीं पडद्यावर त्या इशाऱ्याच्या ओळी येत, आणि आम्ही त्या वर सारून खालची हिरवी खूण तेवढी पाहत असूं. वादळाचा बावटा चढला असतां जो नाखवा आकाश निरभ्र दिसतें म्हणून होडी लोटतो, त्यास आपण काय म्हणतों? तेंच आम्हांस म्हणावें.

२०१९ च्या फेब्रुवारींत फॅक्टरी बॉटची पांचवी मोठी आवृत्ति निघाली आणि जुनी रीत खरोखरच काढून टाकण्यांत आली. त्या वर्षीं २ सप्टेंबरास गणेशचतुर्थी होती. आम्ही रजा घेऊन देवबागेस गेलों. बाहेर पावसाची झड लागलेली. पर्यटकांचा हंगाम अजून सुरू व्हावयाचा होता. या सवडींत जुन्या आवृत्ति काढून नव्या घालाव्या, असा विचार करून आम्ही पडवींत बसलों. नवी आवृत्ति घालतांच प्रोग्रॅम चालेनासा झाला. कंसावांचूनची प्रत्येक ओळ त्यानें नाकारली. ओळी पुष्कळ होत्या. परंतु 'रुबोकॉप' नांवाचें एक साधन आहे, तें अशा ओळी हुडकून त्यांस कंस आपोआप घालतें. तें काम घटकाभरांत उरकलें. मग आम्हीं चाचण्या चालविल्या. एकोणसाठ हिरव्या झाल्या आणि एक लाल.

ती लाल चाचणी हीच होती: एकाच खोलीसाठीं दुसरा पाहुणा आल्यास नकार मिळाला पाहिजे. आतां नकार मिळत नव्हता. सत्य सांगावयाचें तर आमच्या मनांत पहिला विचार आला तो हा कीं, दोघांस हातानें एकच तारीख द्यावी, म्हणजे खूण पुन्हां हिरवी होईल आणि जेवणापूर्वीं काम संपेल. हात त्यासाठीं पुढेंही झाला होता. परंतु दोघांस कोणत्या तारखा मिळाल्या आहेत, हें एकदां पाहावें म्हणून आम्हीं त्या पडद्यावर आणविल्या. पहिला पाहुणा १४ सप्टेंबरास तीन रात्रींसाठीं आलेला, दुसरा १५ सप्टेंबरास, खोली तीच, आणि आमच्या प्रोग्रॅमनें दोघांसही निर्धास्तपणें जागा दिलेली.

१४ आणि १५. २४ आणि २५. आम्ही पडद्याकडे पाहतच राहिलों. आंतून काकींच्या बांगड्यांचा व खोबरें किसण्याचा आवाज येत होता. ज्या पाहुण्यांस आम्हींच खोटे म्हणून निर्माण केलें होतें, त्यांनीं नवी आवृत्ति येतांच खरी साक्ष दिली. आणि नऊ महिने जिच्यावर आम्हीं दोष ठेविला होता ती निर्दोषी ठरली. मग आम्हीं ती डिसेंबरची नोंद उघडली. पुण्याच्या मंडळींचें नांव कोल्हापुरकरांच्या आठ दिवस आधीं घातलेलें होतें. तेवढ्यानेंही समाधान न होऊन आम्हीं फडताळांतील जुनी वही काढली. काकींनीं ती बंद केलीच नव्हती. तिच्यांतही दोन्ही नोंदी त्याच क्रमानें, पेन्सिलीनें, सुवाच्य अक्षरांत होत्या.

दुरुस्ती लहान होती. दोन मुक्काम एकमेकांवर केव्हां येतात? पहिला पाहुणा दुसऱ्याच्या जाण्यापूर्वीं येत असेल आणि दुसरा पहिल्याच्या जाण्यापूर्वीं येत असेल, तर. या दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या तरच खोली अडलेली समजावी. एक जाईल त्याच दिवशीं दुसरा आला तर हरकत नाहीं. एवढें एक वाक्य आम्हीं प्रोग्रॅममध्यें घातलें, आणि चाचण्यांत २४ व २५ या तारखा हातानें लिहून ठेविल्या, म्हणजे तो प्रसंग पुन्हां कधीं निसटूं नये. जेथें तारखेवरच निकाल अवलंबून आहे तेथें ती दैवावर सोडूं नये. उरलेल्या ठिकाणीं ती खुशाल कोणतीही येऊं द्यावी, हाही एक नियम त्या दिवशीं आम्ही शिकलों.

दुसऱ्या रत्नाचेंही त्याच सुमारास मोठें स्थित्यंतर झालें. २०१९ सालींच फेकरची दुसरी मोठी आवृत्ति निघाली. पूर्वीं त्यास कांहीं मागावयाचें तर नुसते आंकडे क्रमानें सांगितले तरी पुरत. उदाहरणार्थ, कल्पित पासवर्ड पाहिजे असल्यास कंसांत 'आठ, वीस, होय, होय' एवढेंच लिहावें. आठ कशाचे आणि होय कशास, हें ज्यानें लिहिलें त्यासच माहीत, आणि चार महिन्यांनीं त्यासही नाहीं. मुलास दुकानांत पाठवितांना 'दोन, एक, पाव' एवढेंच सांगावें आणि साखर किती, चहा किती हें त्यानें क्रमावरून ओळखावें, तसें तें होतें. नव्या आवृत्तीनें नियम केला कीं प्रत्येक आंकड्यापुढें त्याचें नांव लिहावें: कमींत कमी लांबी आठ, जास्तींत जास्त वीस, लहानमोठीं अक्षरें होय, विशेष चिन्हें होय. हें लिहितांना कंटाळा येतो खरा; परंतु नांवें घालतां घालतां आमच्याच एका ओळींतील 'होय' भलत्या गोष्टीस दिलेला आढळला. आम्ही समजत होतों विशेष चिन्हें मागितलीं. मागितलीं होतीं लहानमोठीं अक्षरें.

आणखीही एक गंमत झाली. फेकर नांवें काढतो तीं सोडतीसारखीं. परंतु त्यास एक ठराविक बीजांक दिला तर सोडत दर वेळीं त्याच क्रमानें निघते. आमच्या एका चाचणींत अमुकच नांव येईल असें गृहीत धरलेलें होतें. नव्या आवृत्तींत नांवांची यादी वाढली. बीजांक तोच, पण सोडतींत नांव निराळें निघालें आणि चाचणी कोसळली. यांत लायब्ररीचा दोष नव्हता. तिनें नांव देण्याचें वचन दिलें होतें. तेंच नांव देण्याचें दिलें नव्हतें. न दिलेल्या वचनावर जो घर बांधतो त्यानें वाळूवर बांधलें असें समजावें, आणि देवबागेच्या लोकांस वाळू म्हणजे काय हें सांगावयास नको.

खोट्या पत्त्यांच्या बाबतींतही सावधगिरी लागते. कल्पित म्हणून लिहिलेला ईमेलचा पत्ता चुकून एखाद्या खऱ्या मनुष्याचा निघाला तर आपली चाचणी त्याच्या दारांत जाऊन पडावयाची. यासाठीं 'एक्झाम्पल' व 'टेस्ट' अशीं शेवटचीं नांवें १९९९ सालींच राखून ठेवण्यांत आलीं आहेत. तीं कोणासही मिळत नाहींत, म्हणून तेथें पाठविलेलें पत्र कोणाच्याही घरीं जात नाहीं. खोटें लिहावयाचेंच तर तें असें लिहावें कीं, त्यापासून कोणा खऱ्याचें अहित होऊं नये.

त्या दुपारीं आम्ही स्वयंपाकघराच्या दारांत जाऊन उभे राहिलों. काय व कसें बोललों तें येथें लिहीत नाहीं. आंकड्यांच्या गोष्टी सांगतांना आम्हांस जितके शब्द सुचतात तितके तेव्हां सुचले नाहींत. चूक प्रोग्रॅमची होती, म्हणजे आमची होती, तुझी नव्हती, आणि हें मला तेव्हांच पाहतां आलें असतें, एवढें मात्र सांगितलें. काकींनीं हातांतील खोबरें खालीं ठेविलें नाहीं. त्या म्हणाल्या, "चूक गावली मां? मग झाला तर. आता पान वाढलंय, जेवूक बस." आम्ही जेवावयास बसलों. पण वाढतांना त्यांनीं काकांस हांक मारून सांगितलें कीं, उद्यांपासून तो मोबाईल आपल्याकडे द्यावा. नोंदी आपण करूं. तेव्हां नऊ महिने त्यांच्या मनांत काय सलत होतें, हें आम्हांस कळलें.

बालमित्रहो, आपल्या शाळेंत सकाळच्या प्रार्थनेनंतर खोटी साक्ष न देण्याच्या आज्ञेवर आम्हीं किती उपदेश ऐकले असतील! आम्हांस वाटे, न्यायालयांत उभें राहून जो असत्य बोलतो त्याच्यासाठीं ती आज्ञा आहे. ज्याची चौकशी केली नाहीं तें निश्चयानें सांगणें, आणि आपल्या घमेंडीसाठीं दुसऱ्याच्या माथीं दोष मारणें, ही देखील खोटी साक्षच होय, हें आम्हांस एका लाल खुणेनें शिकविलें. हिरव्या खुणा पुष्कळ आहेत एवढ्यावरून आपण बरोबर आहों असें ठरत नाहीं. त्या खुणा देणारे प्रश्न खरे होते कीं आपल्याच सोईचे, हें पाहिलें पाहिजे. परीक्षेंत पैकीच्या पैकी गुण मिळाले तरी प्रश्नपत्रिका आपणच काढली होती कीं काय, हें ज्याचें त्यानें मनांत विचारावें.

आणि पालकांस एवढीच विनंती कीं, मूल चुकलें असें ठरविण्यापूर्वीं वही एकदां उघडून पाहावी. नवी आवृत्ति येते तेव्हां जुनें मोडतें, त्रास होतो, राग येतो. पण कांहीं दोष असे असतात कीं, मोडल्यावांचून ते दिसतच नाहींत.

२०१९ च्या नाताळांत काकांच्या तिन्ही खोल्या भरल्या, आणि कोणाचाही मुक्काम कोणावर आला नाहीं. काकी मोबाईलवर नोंद करितात, आणि नंतर फडताळांतून वही काढून तींतही पेन्सिलीनें लिहितात. आम्ही आतां त्यांस वही ठेवून द्यावयास सांगत नाहीं.